आधी वरचा नट

९ जानेवारी
मालवणला डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. गेले होते गुडघ्यासाठी, पण त्यांनी सगळंच तपासलं. डाव्या छातीत गाठ लागते म्हणाल्या. बहुधा काही नसेल, तरी पणजीला जाऊन सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करून या, उशीर करू नका. चिठ्ठी दिली. काही नसेल तर इतक्या लांब कशाला जायचं, हे विचारायचं राहिलं.
मी अजिबात घाबरलेली नाही. हायस्कूलला विज्ञान शिकवते मी. याच आठवड्यात जाणार.
देवबागला परत येताना मात्र गाडीच्या मागच्या बाजूने घूंऽऽ असा आवाज येत होता. हे काळजीचं आहे.

१० जानेवारी
अजयला चिठ्ठी दाखवली. तो होडीचं इंजिन खोलून बसला होता. हात पुसले, दोनदा वाचली आणि म्हणाला, “उद्याच जावया.”
मी विचारलं, या गाडीने? आमच्या खोल्यांवर उतरणाऱ्या पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणून आणून तिची हाडं खिळखिळी झालीत. मीटर दोन लाख ऐंशी हजारावर बंद पडलाय. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं होतं? आणि डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या त्या लोखंडी गोळ्यातलं? अजयला आठवेना. झालं तर मग. आधी ऑइल, नंतर पणजी.
एसटी आहे, असं त्याचं म्हणणं. एसटीने माणूस लग्नाला जातं, तपासणीला नाही. तो परत इंजिनाकडे वळला.
सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही. वयाच्या मानाने त्या हळव्या आहेत. त्यांना फक्त गाडीचं सांगितलं.

१४ जानेवारी
रॉककडे तिळगूळ घेऊन गेले. आमची गाडी पहिल्यापासून त्याच्याच गॅरेजात जाते. ऑइलचं काढताच त्याने हातातला पाना खाली ठेवला. “बाई, ह्या वयात नको. जुना ऑइलच आता गिअरांका धरून आसा. ता काढल्यात तर सगळे दात उघडे पडतले.” मग बरीच उदाहरणं दिली. त्याच्या चुलत्याची जीप. मिठमुंबरीचा एक टेम्पो. चांगल्या चालणाऱ्या गाड्या, ऑइल बदललं आणि महिन्याभरात भंगारात.
हे अगदी पटलं. जुन्या वस्तू उघडू नयेत. उघडेपर्यंत सगळं ठीक असतं.
घरी येऊन अजयला शास्त्रीय कारणं समजावून सांगितली. तो म्हणाला, “तू गाडयेबद्दल बोलतंस मां?”
मग आणखी कशाबद्दल?

२० जानेवारी
रॉकवर अवलंबून राहणं चूक आहे. त्याला भीती वाटते. मी अभ्यास करायचं ठरवलंय. इंदूरच्या एका माणसाचे व्हिडिओ पाहिले. सोपं आहे, मी स्वतः करू शकते. महत्त्वाचे मुद्दे इथे लिहून ठेवते.
गोळ्याला दोन नट असतात. खालचा सोडला की जुनं ऑइल बाहेर. वरच्यातून नवं भरायचं. पण आधी वरचा नट उघडतो का ते बघायचं, मगच खालच्याला हात लावायचा. नाहीतर ऑइल निघून जातं, नवं भरता येत नाही आणि गाडी जागेवर बसते. इतकी साधी गोष्ट लोक कशी विसरतात, देव जाणे.
खालच्या नटाला चुंबक असतं. त्यावर करडा लगदा मिळाला तर ती वयाची झीज, घाबरायचं कारण नाही. तुकडा मिळाला तर आत काहीतरी मोडलंय.
हा शेवटचा भाग पुन्हा पुन्हा पाहिला.

२१ जानेवारी
आंघोळ करताना सहज हात लागला. आहे. तेवढीच आहे. की थोडी मोठी झालीय? मीटर बंद असल्यावर कळणार कसं.
शाळेत नववीच्या वर्गात घर्षण शिकवताना मध्येच थांबले. संचिता म्हणून पहिल्या बाकावरची मुलगी आहे, ती म्हणाली, बाई, पाणी देऊ?

३ फेब्रुवारी
ऑइलचे डबे आणले. कोकमाच्या बरणीशेजारी ठेवलेत. निम्मं काम झाल्यासारखंच आहे.
आता दहावीच्या प्रॅक्टिकल्स. त्या आटोपल्या की लगेच.

१२ फेब्रुवारी
अजयने मला न विचारता पणजीला फोन करून २५ तारीख घेतली. मी चिडले. निदान विचारायचं तरी. तो म्हणाला, “तुका इचारूक गेलंय तर मे महिनो उजाडतलो.”
त्याला कळत नाही, मी सगळं पद्धतशीर करतेय. आंगणेवाडीची जत्रा तोंडावर आलीय, चारही खोल्या भरल्यात, गाडी रोज स्टेशनला जाते. जत्रा झाली की ऑइल, ऑइल झालं की पणजी.
घूंऽऽ आवाज वाढलाय. अजयला ऐकू येत नाही. पाहुण्यांनाही येत नाही. मला एकटीलाच येतो, घरात असतानासुद्धा.

२३ फेब्रुवारी
जत्रा पार पडली. जेवण जात नाही. सासूबाईंनी तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, ताटात तसंच राहिलं. त्या माझ्याकडे बघत बसल्या. म्हटलं, गाडीचं टेन्शन आहे. “व्हय तर,” म्हणाल्या, आणि ताट उचलून नेलं. असं त्या कधी करत नाहीत.
उद्या रजा घेतलीय. उद्या ऑइल.

२४ फेब्रुवारी, दुपार
सगळं पद्धतशीर केलं. गाडी फिरवून आणली, म्हणजे ऑइल पातळ होतं. जुना गाऊन घातला, अंगणात पोतं अंथरून गाडीखाली शिरले. पाना लावला. नट सुटला. काळं, जाड ऑइल, कुजलेल्या अंड्याचा वास. शेवटच्या थेंबापर्यंत परातीत निथळू दिलं.
नटाच्या चुंबकावर करडा लगदा. बोटांत घेऊन चोळला. पुन्हा चोळला. तुकडा नाही. बारीकसाही नाही. तिथेच पडल्या पडल्या रडू आलं. वास फार उग्र होता.
मग वरचा नट.
हलत नाही. खाऱ्या वाऱ्याने पार गंजून बसलाय. रॉकेल ओतलं, पान्यावर पाय देऊन जोर लावला, नटाचे कोपरे गुळगुळीत झाले.
आधी वरचा, मग खालचा. हे मला पाठ होतं. वर इथेच लिहिलंय. कसं झालं कळत नाही.
गोळ्यात ऑइलचा थेंब नाही, म्हणजे गाडी जागची हलवता येणार नाही. उद्याचं पणजी रद्द. माझा अगदी नाइलाज आहे.
आंघोळ करून जेवले. भात दोनदा घेतला. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
अजय होडीवरून आला तेव्हा मी परत गाडीजवळ पोत्यावर बसले होते. परात बघितली, वाकून नट बघितला. “आदी वरचो नट बघूक नाय?”
विसरले, म्हटलं.
मी गॅसवर दूध ठेवण्याआधी सिलिंडर हलवून बघणारी बाई. हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तो माझ्याशेजारी पोत्यावर बसला. मग हळूच विचारलं, “भियालंस?”
म्हटलं, मला कसली भीती? गाडीची काळजी वाटते. माझ्या हातावर त्याने हात ठेवला. माझा आंघोळीनंतरही ऑइलने काळा, त्याचा होडीच्या इंजिनाने.
तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. हातात विड्याचं पान आणि सुपारी. ते गाडीपुढे ठेवून, हात जोडून, त्यांनी सरळ गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा! ही गाडी आज तुज्या दारात उभी आसा. हिच्या पोटात जा काय वायट साचला आसात, ता भायर काढून टाक रे म्हाराजा!” गाऱ्हाण्याला हुंकार द्यायचा असतो, म्हणून अजय म्हणाला, “होय म्हाराजा!” मला हसू फुटत होतं. देवाला डिफरन्शियल समजावणारी सासू मालवणात हीच पहिली असेल.
“आणि हिच्यात बसान जातली माजी सून. तिच्या आंगात जा काय साचला आसात, तेचा पाणी करून टाक रे म्हाराजा!”
अजयचा हुंकार आलाच नाही. सासूबाईंनी त्याला कोपराने ढोसलं. “होय म्हण रे, मेल्या!”
“होय म्हाराजा,” तो म्हणाला, पण त्याचा आवाज त्याचा नव्हता.
मी घरात निघून गेले.

२५ फेब्रुवारी
अंधार असतानाच दारात हॉर्न. शेजारची लुईझा. तिच्या पिकअपमधून ती मडगावला मासे नेते. तिला अजयने सांगितलं म्हणावं, तर नाही, सासूबाईंनी. आजचं काल रात्री, गाठीचं तर महिन्याभरापूर्वीच. सगळ्या वाडीला माहीत होतं.
पुढे आम्ही तिघं दाटीवाटीने, मागे बर्फात बांगडे. मी मध्ये, त्यामुळे प्रत्येक गिअरला लुईझाचा हात माझ्या गुडघ्यावर. गिअरबॉक्स कुणी गळा दाबल्यासारखी किंचाळत होती. न राहवून विचारलं, हिचं गिअर ऑइल कधी बदललंस? “ता बदलूचा असता?” लुईझा म्हणाली. “माका वाटला, कंपनीतून येता ताच मरेपर्यंत.” तिची गाडी माझ्या गाडीपेक्षा जुनी. पत्रादेवीच्या चढावर तिने दोन ट्रकना मागे टाकलं.
हॉस्पिटलच्या बाकावर पाय थरथरत होते. अजयने त्याची बॅग माझ्या गुडघ्यांवर ठेवली, म्हणजे कुणाला दिसणार नाही.
आत पडद्यावर एक काळा गोल दिसला. मी डोळे मिटले. सुई टोचली, थोडं ओढल्यासारखं झालं, आणि डॉक्टर म्हणाल्या, बघा. नळीत हिरवट पिवळं पाणी. अगदी डब्यातल्या नव्या ऑइलच्या रंगाचं. पाण्याची गाठ होती, या वयात होतात, निघून गेली.
मी विचारलं, “तुकडा?”
“कसला तुकडा?” म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला हाक मारली. माझी ओढणी अजून नीट व्हायची होती.

२६ फेब्रुवारी
रॉकने वरचा नट तापवून उघडला. तेवढ्या वेळात त्याचा चहासुद्धा निवला नाही. नवं ऑइल भरलं. गिअरचे दात जागेवर आहेत. घूंऽऽ आवाज येत नाही. तो कधी नव्हताच, असं अजयचं म्हणणं आहे.
पाणी झालं कळल्यापासून सासूबाई देवळाच्या वाटेवर भेटेल त्याला सांगतायत. देवाला नारळ त्यांनी आधीच बोलून ठेवला होता.
मी घाबरले वगैरे नव्हतेच. पण पुढच्या वेळी असं लांबवायचं नाही, हे नक्की. डॉक्टरांनी जानेवारीत परत बोलावलंय, नुसतं बघायला. तारीख कॅलेंडरवर लिहिली.
फक्त त्याआधी ब्रेक दाखवून घ्यायला हवेत. आज बाजारातून येताना जरा वेगळे वाटले.