ओला राहिलेला रेकॉर्डर

सोमवार, ३ तारीख
पोरी, माफ कर. वही देताना तू रोज लिहा म्हणालीस आणि मी आठ दिवसांनी बसतोय. ड्रायव्हर दर शुक्रवारी सामान घेऊन येतो, त्याच्या हाती वही पाठवीन. चौथी पास माणसाचं अक्षर आहे, हसू नकोस.

नवी नोकरी झकास आहे. मोठा नळ फुटून इथलं तळघर चार दिवस पाण्यात होतं. त्यातले एकतीस टेपरेकॉर्डर मला दुरुस्त करायचे आहेत. वरच्या मजल्यावर खोली, मोठी खिडकी, टेबलाशी फोन. मालकीणबाई म्हणाल्या, काका, यंत्रं तुमच्यापेक्षा तरुण आहेत, त्यांना लाजवू नका. खूप हसलो.

बुधवार, ५
झाकण उघडायचं, गाळ धुवायचा, स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशने हिरवा गंज काढायचा. मग तीन दिवस पंख्याखाली. आत ओल असताना वीज द्यायची नाही. शेवटी माइकमध्ये एक, दोन, तीन म्हणून आवाज भरायचा आणि ऐकायचा. चार झाले.

शुक्रवार, ७
चूक झाली. मालकीणबाई म्हणाल्या, काका, गोगलगायसुद्धा पुढे गेली हो. जिवाला लागलं. एक रेकॉर्डर एकाच दिवसात वाळवून सुरू केला. आत ओल होती, तरी चालला. एक, दोन, तीन म्हणालो. ऐकलं तर एक, दोन, तीन, चार, पाच. आवाज माझाच. मी चार म्हणालो नव्हतो. विसरलो असेन.

वही आज दिली नाही. तुला उगाच घोर नको.

सोमवार, १०
तो सतरापर्यंत गेला. माझा घसा बसलाय. डॉक्टर म्हणाले, काही नाही, गरम पाणी प्या.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. हात घासत राहतात.

बुधवार, १२
आवाज पूर्ण गेला. तुझा फोन आला. उचलला, तोंड उघडलं, आणि मागून, त्या रेकॉर्डरमधून, माझा आवाज म्हणाला, बोल गं पोरी. तू म्हणालीस, बाबा, आज आवाज किती खणखणीत! तो हसला. अगदी माझ्यासारखा. म्हणाला, तुझी छकुली बोलायला लागली ना, शनिवारी घेऊन ये, तिचा आवाज भरून ठेवू.

तू हो म्हणालीस. फोन ठेवायचं मला सुचलंच नाही.

वायर काढायला वाकलो. काढलेलीच होती.

गुरुवार, १३
हातोडीने फोडला. पाणी निघालं — एवढं त्यात मावत नाही. आता बाकीचे तीस बोलतात. माझ्या आवाजात. तुझ्या लेकीचं नाव —

शुक्रवार, १४
पाय बधिर. जिना उतरवत नाही. ड्रायव्हर दाराशी थांबलाय, वही देतो.

उद्या येऊ नकोस. छकुलीला दोनच शब्द येतात, ते तिचे तिला राहू देत. फोनवर मी नसतो —

फोन वाजतोय. तूच — माझा आवाज म्हणतोय, उद्या कशाला, आजच या —

पोरी, येत नाही एवढं कागदावर लिही, ड्रायव्हरजवळ दे, लवकर कळव, लव—