मिठाचा शेक

बालाघाट, १२ मार्च २०२५

ती. माणिकआत्यास,
वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लग्नाच्या ब्लाउजसाठी माप मागितलं आहेस आणि वर टोमणाही मारला आहेस की भाची आतापासूनच नवरीसारखी लाजायला लागली. लाजत नाही ग. माप देता येत नाही, कारण ते रोज बदलतं आहे.

आता जे लिहिते ते वाचून पत्र जाळून टाक. ३ मार्चला मी ऑफिसच्या ट्रेनिंगला नागपूरला गेले असं बाबांना सांगितलं होतं, ते खोटं. मी ऑपरेशन करून डावी बाजू मोठी करून घेतली. छातीत सिलिकॉनची पिशवी बसवली आहे. डावी उजवीपेक्षा किती लहान होती हे आई गेल्यापासून एकट्या तुलाच माहीत. चौदाव्या वर्षापासून तू एक शब्द न विचारता माझ्या ब्लाउजच्या डाव्या कटोरीत कापसाचे दोन थर जास्त घालत आलीस. पण देवेंद्रसमोर कापूस किती दिवस टिकणार? त्याला यातलं काही माहीत नाही. बाबांना तर नाहीच नाही.

नऊ दिवस झाले. डावी बाजू वर, गळ्याकडे चढून बसली आहे आणि हाताला टणक लागते. आरशात बघितलं की दोन वेगवेगळ्या बायकांची छाती एकीला चिकटवल्यासारखी दिसते. डॉक्टर म्हणाले की खाली उतरून मऊ पडायला तीन महिने लागतात. आणि लग्न आहे अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला! त्यांनी काय करायचं नि काय नाही याचा छापील कागद दिला होता, पण तो मी माझ्या मैत्रिणीकडे, श्रियाकडेच ठेवला. नागपूरला तिच्याकडेच राहिले होते. घरी बाबांच्या हाती लागला असता.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि हे गजेंद्रने तुला वाचून दाखवावं असं नाही. पुतण्या झाला तरी पुरुषमाणूस. म्हणून टपालाने लिहिते. लोभ आहे तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझी,
वैदेही

*

कटंगी, १८ मार्च

चि. वैदेहीस,
माणिकआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, मग जाळलं. रागावले आहे, हे आधी सांगते. देवाने दिलेलं शरीर वगैरे मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं बायकांची मापं घेते आहे, दोन्ही बाजू सारख्या असलेली बाई मला अजून भेटायची आहे. आमच्या इथली दुर्गाबाई एवढी मिरवते, तिचं माप सांगितलं तर तू खुर्चीवरून पडशील. धंद्याची गोष्ट आहे म्हणून सांगत नाही. राग याचा आहे की तू एकटी जाऊन त्या टेबलावर झोपलीस. मी काय मेले होते?

बरं, झालं ते झालं. टणकपणाचं मात्र मला कळतं. तू झालीस तेव्हा चौथ्या दिवशी तुझ्या आईला दूध दाटलं होतं, छाती दगडासारखी. हात लावू देत नव्हती बिचारी. मी तव्यावर जाडं मीठ भाजून, सुती फडक्यात पुरचुंडी बांधून सकाळ-संध्याकाळ शेकलं. तीन दिवसांत मऊ झाली. तूही तेच कर. हाताला सोसेल इतपतच गरम घे, आणि टाक्यांवर धरू नकोस. तीन महिने कशाला लागतात, बघतेच मी.

त्र्यंबकला सांगावं असं मला वाटतं. बाप आहे, खाणार नाही. पण मी होऊन बोलणार नाही, ती तुझी गोष्ट. माप ठरलं की कळव, कापड कापायचं थांबवून ठेवलं आहे. जपून राहा, म्हणजे माझा जीव ठिकाणावर राहील.

तुझी,
माणिकआत्या

*

बालाघाट, ३१ मार्च

ती. माणिकआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल पाडवा झाला. बाबांनी एकट्यानेच गुढी उभारली, मला हात वर करू दिला नाही. पाठ दुखते असं सांगितलं आहे ना. तुझा शेक त्यामुळेच निभतो आहे. बाबा स्वतः मीठ भाजतात, पुरचुंडी माझ्या खोलीच्या दाराशी ठेवतात आणि खाकरून निघून जातात.

गुण आला ग आत्या! मऊ पडली आहे आणि बोटभर खालीही उतरली आहे. गंमत म्हणजे मला चटका बसतच नाही. ऑपरेशनपासून डाव्या बाजूच्या कातडीला काही कळतच नाही, चिमटा काढला तरी नाही. म्हणून मी रोज आणखी गरम मागते. बाबा म्हणतात की पोरी, इथं माझे बोटं भाजून राह्यले, तुले कसं सोसते. मी हसते. लग्नाला एकच महिना उरला आहे, सोसायलाच हवं.

खालच्या अंगाला एक तपकिरी डाग पडला आहे. पोळी तव्यावर जरा जास्त राहिली की पडतो, तसा. दुखत नाही. दोन दिवसांपासून आतल्या कपड्याला पिवळट ओल लागते, ती घामाची असेल. तरी क्लिनिकला फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली फोटो पाठवा. ऑफिसात माझा फोन दहा जणांच्या हातून फिरतो, त्यात असला फोटो ठेवू? नाही पाठवला. ७ तारखेला दाखवायला बोलावलं आहे, पण नेमकं त्याच दिवशी देवेंद्रच्या आई मला साड्यांना वारासिवनीला नेणार आहेत. लग्न झालं की जाईन.

माप सोबत पाठवते आहे. दोन्ही बाजूंना एकच आकडा लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा. लिहिताना रडू आलं. आता तू कात्री उचल. माया अशीच ठेव.

तुझी,
वैदेही

*

कटंगी, रविवार, ६ एप्रिल, रामनवमी

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

शेक बंद कर. हे पत्र हातात आहे तशीच उठ आणि नागपूरला जा. लग्नाची तयारी गेली खड्ड्यात.

काल दवाखान्यातली नर्स कमला तिचा ब्लाउज न्यायला आली होती. तुमसरच्या एका बाईची गोष्ट म्हणून मी तिला सगळं विचारलं. बोलता बोलता तिने ब्लाउज खाली ठेवला. माझे कान गेले असले तरी तिच्या ओठांवरून मला सगळं समजलं, दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. म्हणाली की ज्या जागेले काही समजतच नाही, तिले शेक काहून द्यायचा. कातडी भाजत जाते आणि बाईला पत्ता लागत नाही. तो डाग म्हणजे भाजलेलं आहे, पोरी. ती ओल म्हणजे घाम नाही, पू आहे. त्याच्या मागेच तुझी पिशवी आहे आणि तिथून तो पू रक्तात जातो. मग तिने मला विचारलं की ती बाई अजून बरी आहे ना. मी हो म्हणाले.

तुझ्या आईची छाती जिवंत होती, चटका बसला की ती ओरडायची. तुझ्या आणि तिच्या दुखण्यातला हा एवढा फरक मला कळला नाही, आणि मी शहाणपणा शिकवायला गेले.

गजेंद्रला फोन लावायला सांगावं म्हणून दोनदा हाक मारली आणि दोनदा काही नाही म्हणून परत पाठवलं. त्याच्या तोंडून तुझ्या छातीचं काय सांगायचं? आणि फोन त्र्यंबकने उचलला तर? आज पोस्ट बंद आहे. उद्या उघडेल तेव्हा पायरीवर मीच असेन.

बाबांना सांग. माझ्यावर राग धर हवा तर, पण आधी जा.

तुझी,
माणिकआत्या

*

नागपूर, बुधवार, ९ एप्रिल, सकाळ

ती. माणिकताईस,
त्र्यंबकचा सा. न. वि. वि.

वैदेही काल सकाळी ऑफिसात कोसळली. अंगात एकशे चार ताप होता. बालाघाटच्या डॉक्टरांनी मला विचारलं की मुलीच्या छातीत हे काय बसवलं आहे. मी त्यांच्याशी भांडलो. म्हणालो, कागद अदलाबदल झाले असतील, माझ्या मुलीचं कुठलंच ऑपरेशन झालेलं नाही. मग नागपूरला न्यायचं ठरलं, म्हणून कपडे आणायला घरी गेलो, तर दारात तुझं पत्र पडलं होतं. तिच्या नावाचं होतं, तरी मी फोडलं. दारातच उभ्याने वाचलं.

ताई, मीठ मी भाजत होतो. ती आणखी गरम मागायची आणि मी द्यायचो.

पू रक्तात उतरला आहे. पिशवी काढावी लागेल आणि भोवतीचं खराब झालेलंही कापावं लागेल. डाव्या बाजूला फारसं काही उरणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती शुद्धीत आहे आणि सही करत नाही. एकच म्हणते की लग्न होऊ द्या, मग काढा. रक्तदाब खाली चालला आहे. डॉक्टर म्हणतात की संध्याकाळपर्यंत वाट पाहता येईल, त्यानंतरचं ते बोलत नाहीत. मी तिच्यापुढे उभा राहतो तर ती चादर गळ्यापर्यंत ओढून घेते. एकोणतीस वर्षं एका घरात राहून मला तिचं एवढं दुःख माहीत नव्हतं.

गजेंद्रच्या फोनवर हे सांगायला माझीही जीभ वळली नाही. तू तरी काय वेगळं केलंस, आपण भावंडंच. हे पत्र घेऊन श्रिया स्वतःची गाडी काढून निघते आहे, तिच्याबरोबर तशीच ये. तुझ्यावर राग आहे की नाही ते आज मला कळत नाही. ती तुझं ऐकेल, एवढं कळतं.

तुझा,
त्र्यंबक

*

नागपूर, ९ एप्रिल, दुपारचे चार

ती. आत्या,
नमस्कार.

तोंडावर ऑक्सिजन लावला आहे आणि तुला आत सोडत नाहीत, म्हणून सिस्टरकडून कागद मागून घेतला. काचेतून तू दिसलीस. माझ्यापुढे हात जोडलेस. असं करतात का ग? सही केली.

देवेंद्र निघाला आहे म्हणे. मी बाहेर आले तर मीच त्याला सांगेन. नाही आले तर तू सांग, सगळं खरं सांग. ताप आला आणि गेली, असं म्हणू नका.

भाजलेलं दिसल्यावर डॉक्टरांनी शेक कुणी सांगितला ते विचारलं. माझ्याच मनाने केला, मीठही मीच भाजत होते, असं लिहून खाली सही केली आहे. बाबांनी तुझं पत्र फाडून टाकलं. तेव्हा आता तुम्ही दोघांनी हे कुणापुढेही बोलायचं नाही, एकमेकांपुढेही नाही. बाबा सकाळपासून उभेच आहेत, त्यांना बाकावर बसव आणि त्यांच्याजवळ बस.

मला भीती वाटते आहे. न्यायला आले.

तुझी,
वैदेही