कॉम्प्युटरची राखण

प्रिय भिंगरीस,

परवा फोनवर म्हणालीस, तिकडे पक्की खोली मिळाली, रविवारी गाडी येईल आणि घरचा कॉम्प्युटर घेऊन जाईल. वर म्हणालीस, आजी, तू सुटलीस. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण त्या बरंमध्ये काही दम नव्हता, म्हणून हे पत्र. लिहिते आहे तुझी आई, बोलते आहे मी. मधेच थांबून ती विचारते, हे खरंच लिहू का? मी म्हणते, तू हात चालव, डोकं मी चालवते.

आठवतं ना, जायच्या आधी दोन दिवस मला त्या खुर्चीत बसवून शिकवणी घेतलीस. तू नदीकाठची जमीन मोजत हिंडणार, पाठीवर छोटा कॉम्प्युटर, आणि मोजलेल्याचे नकाशे करणारा थोरला गडी मात्र घरी. तू लांबूनच त्याच्यात शिरून त्याच्याकडून काम करून घेणार. मला कळलं ते इतकंच की तू बाहेर राहून घरात असणार. लहानपणी याच्या उलट असायचीस, घरात बसून बाहेर. मग म्हणालीस, नेटवाल्यांच्या दप्तरी आपल्या घराचा नंबर सारखा बदलतो, म्हणून त्याला एक कायमचं नाव दिलंय. चाळीस वर्षं हे घर जागचं हललं नाही, त्याचा नंबर बदलतो हे मला नवीनच होतं. पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही म्हणालीस. मलाही सांगितला नाहीस, ते एक बरं केलंस. आणि त्याला झोपू द्यायचं नाही म्हणून काहीतरी बंद करून ठेवलंस. मी दुपारी घोरायचं आणि त्याने टक्क जागं राहायचं.

माझं काम एवढंच. वीज जाऊन आली की हिरवा दिवा बघायचा. दिवा नसला तर ज्या बटणावर तू लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलास ते एकदा दाबायचं आणि दहापर्यंत मोजायचं. शेवटी तू गच्चीवर जाऊन तुझ्या मोबाइलच्या नेटवरून आत येऊन बघितलंस, आणि पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता चालायला लागला. आजी जराही दचकली नाही, असं तू सगळ्यांना सांगितलंस. दचकले होते.

तुझा बाप तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. तासभर एकच पान. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस तो. त्याच्या लेखी माणसाने वर जावं, खाली यावं, पण ठरलेल्या मजल्यावर थांबावं. ओळखीपाळखी काढून त्याने तुझ्यासाठी नकाशाच्या कचेरीत जागा ठरवली, शब्द देऊन आला, आणि तू नाही म्हणालीस. त्यानंतर दोघं काय बोललात ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तो म्हणाला, “मग या घरात तुझं नुसतं सामान राहील.” तू म्हणालीस, “सामानच ठेवा.” दोघांनीही शब्द पाळला. आज चौदा महिने झाले. तू फोन केलास की तो पायात चपला घालतो आणि दुकानातून काहीबाही आणायला जातो. घरात काड्यापेट्यांचे ढीग लागले आहेत.

आता माझ्या राखणीचं. पहिला महिना मी चोख राखण केली, त्यात खोट नाही. दुसऱ्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी असताना वीज गेली आणि तासाभराने आली. तुझा फोन आला, आजी, बटण. मी भिंत चाचपत गेले, टेबलाचा कोपरा लागला, बटण काही लागेना. तेवढ्यात मागून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला आणि कोणीतरी माझा हात बाजूला करून बटण दाबलं. दहा आकडे मी मोजले. तू म्हणालीस, शाबास आजी. मी घेतली ती शाबासकी. या वयात कोण देतं?

पुढे तो माउसचा घोटाळा झाला. धूळ पुसताना धक्का लागला आणि तुझा बाण उडी मारून भलतीकडे गेला. तू काम थांबवलंस आणि पडद्यावर एका हाताचं चित्र काढून त्यावर फुली मारलीस. मला वाचता येत नाही म्हणून चित्रातून रागावलीस. दुसऱ्या दिवशी चार वाजता तुलाच वाईट वाटलं असणार, तू एक कप काढलास. कप तसाच बराच वेळ राहिला. मग त्याच्यावर दोन वाकड्या वाफा निघाल्या. तू लगेच फोन केलास, आजी, तू माउस शिकलीस. मी म्हटलं, म्हातारीला कमी समजू नकोस.

त्या दिवसापासून रोज चार वाजता तुमचा खेळ. तू तंबू काढायचीस, इकडून त्याला खुंट्या मारल्या जायच्या. तू कुत्रं काढलंस, त्याला घर मिळालं, छपरासकट. एकदा तू भोक पडलेला बूट काढलास. त्याला इकडून टाका तर पडलाच, शिवाय पंधरा दिवसांनी तुला खोक्यातून खरे बूट आले. तू म्हणालीस, आजी, माप कसं ग बरोबर निघालं? तुझी जुनी चप्पल कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली होती. फिरवताना मी बघितलं.

पेन्सिल मी फिरवली नव्हती. तो माउस मी आजवर हातातसुद्धा धरलेला नाही. डोळा बरा झाल्यावर राखणीला परत गेले तर खुर्ची तुझ्या बापाने अडवलेली होती. मला म्हणाला, “तिला सांगशील तर बघ.” सांगणार नाही असं मी कबूल केलं, तुझ्या आईनेही केलं. आता मी सांगत नाही, लिहवून घेते आहे. तुझी आईही सांगत नाही, ती फक्त लिहिते आहे.

गाडीची गोष्ट त्याला तुझ्या आईने सांगितली. बरं म्हणाला. मग सगळ्या वायरींना कागदाच्या चिठ्ठ्या बांधत बसला, कुठली कुठे खोचायची ते लिहून, तुला तिकडे शोधाशोध नको म्हणून. खोकं आणलं, थर्माकोल मापाने कापला. पावणेचारला हात धुऊन खुर्चीत जाऊन बसला. तू त्या दिवशी काही काढलं नाहीस, कामात असशील. तो साडेपाचला उठला.

तुझं सामान आहे, तू खुशाल ने. मी अडवायला पत्र धाडत नाही. पण रविवारी कॉम्प्युटरची वायर निघाली की चार वाजता बसायला कुणाला काही उरणार नाही, आणि समोर कोण बसत होतं हे तुला कळायचंच राहून जाईल. ते मला सोसवेना. त्याला फोन करू नकोस, तो चपला घालेल. पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल, म्हणजे शनिवार तुझ्या हातात आहे. शनिवारी चारला आत ये, आणि या वेळी चित्र काढू नकोस. काय वाटेल ते लिही, भांडण लिहिलंस तरी चालेल. मला अक्षर येत नाही म्हणून इतके दिवस तू कप आणि कुत्री काढलीस. त्याला वाचता येतं.

तुझीच, फुकटच्या शाबासक्या खाल्लेली,
आजी