आठ मागण्या आणि व्याह्यांचं पोट

ती. फादरमामा,

भाच्याचा गुडघे टेकून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण मशीनवर वाकून वाकून कंबर धरली आहे, मला उठवायला दोन माणसं लागली असती.) तुमचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तुमच्या तिकडच्या नदीवर चार पानं होती आणि खोकल्यावर अर्धी ओळ, म्हणून विचारतो. इकडे सगळे ठीक, मी सोडून. तुमच्या नातीचं लग्न मोडायची वेळ आली, आणि ती आणली मीच, तीही भर मिस्सेत, सगळं चर्च प्रार्थनेला बसलेलं असताना. सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे निदान तुम्हाला तरी काही कळेल. मला अजून कळलेलं नाही.

निवडणुकीच्या आदल्या रविवारच्या प्रार्थना तूच लिही, असं आमच्या फादरांनी मला सांगितलं. सगळं चर्च कपडे घट्ट-सैल करून घ्यायला तुझ्याच दुकानात येतं, लोकांच्या मनातलं तुला ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. (मला ठाऊक असते ती लोकांची कंबर. पण फादरांपुढे कोण बोलणार?) पक्षाचं नाव नको, कॅथलिक माणसानं मत देताना काय ध्यानात ठेवावं एवढंच लिहायचं, एकेका ओळीत. मला वाटलं, यात काय मोठंसं? आपला पोप एक, धर्मशिक्षणाचं पुस्तक एक, मिस्सेत कधी उठायचं आणि कधी बसायचं तेसुद्धा जगभर एकच. मग मतातच काय एवढा फरक पडणार?

आमच्या चर्चमध्ये माणसं देशोदेशींहून इथे येऊन राहिलेली. गायनवृंदाच्या बाई झगा लांब करायला आल्या, त्यांना विचारलं. पोटातलं बाळ वाचवणं पहिलं, बाकी सगळं नंतर, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या देशात निवडणूक लढली जाते तीच मुळी यावर. लिहून घेतलं. मग बेकरीवाला आला. त्याच्या देशात आपले लोक मूठभर. तिथले बिशप म्हणतात, आपल्या शाळा आपल्याकडे राहू द्या, चर्चचं दार उघडं राहू द्या आणि फार आवाज करू नका. तेही लिहिलं. आमच्या घरमालकांच्या देशात उलट, जिकडे बघावं तिकडे आपलेच. त्यांना रविवारी सगळी दुकानं बंद हवीत. (स्वतःची पँट मात्र रविवारीच शिवून हवी होती, ते वेगळं.) एका नर्सबाईंना सीमेवर अडकलेल्या परक्यांना आत घेणारं सरकार हवं होतं. प्रत्येकानं फोनवर आपापल्या बिशपांचं पत्र दाखवलं, सहीशिक्क्यासकट. एकही पत्र खोटं नाही. कोणाला धरावं, कोणाला सोडावं? शेवटी आठ जणांच्या आठही मागण्या लिहून टाकल्या, मापं लिहितो त्याच चिठ्ठ्यांवर.

त्याच आठवड्यात व्याही आणि विहीणबाई त्यांच्या देशातून लग्नाची तारीख ठरवायला आले होते. व्याही खाणीतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं, चेहरा असा की हसले की नाही ते बायकोला विचारावं लागतं. आठातली एक मागणी त्यांचीच: मजुराला त्याची पूर्ण मजुरी मिळो. शुक्रवारी मी प्रेमानं त्यांच्या लग्नातल्या कोटाचं माप घेतलं. रविवारी फादर म्हणाले, पाहुण्यांचा मान, प्रार्थना तेच वाचतील. मी खिशातल्या चिठ्ठ्या काढून दिल्या. सगळ्या.

व्याही चष्मा लावून एकेक शब्द ठासून वाचू लागले. बाळ वाचो. दुकानं बंद राहोत. मजुरी मिळो. प्रत्येक मागणीनंतर सगळं चर्च एका सुरात, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." बाई बेकरीवाल्याच्या मागणीलाही तेच म्हणाल्या, बेकरीवाला नर्सबाईंच्या मागणीलाही, कोणी मान वर करून बघेल तर शपथ. आठ झाल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच व्याही त्याच गंभीर आवाजात वाचते झाले, "व्याही. छाती बेचाळीस. पोट चव्वेचाळीस. लग्नापर्यंत आणखी सुटेल, जागा ठेवणे."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळं चर्च म्हणालं.

दुपारी सगळे जेवायला बसलो. तारखेचं नाव नाही. माझी मुलगी ताटात नुसता चमचा फिरवत होती, तिचे डोळे भरलेले मला दिसत होते, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी व्याह्यांची माफी मागितली. पोटाबद्दल तसं लिहायला नको होतं म्हणालो. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"पोटाचं सोडा हो," ते म्हणाले. "ती मजुरीची ओळ आमच्या गावच्या चर्चमध्ये वाचली म्हणून माझ्या धाकट्या भावानं सात महिने तुरुंगात काढले. आज मी ती वाचली, तेव्हा लोक घड्याळ बघत होते."

मामा, खरं सांगतो. मीसुद्धा घड्याळच बघत होतो. तेवढ्यात विहीणबाई बोलल्या. त्यांचं मत गायनवृंदाच्या बाईंसारखं, हे मला तेव्हा कळलं. एकतीस वर्षं दोघं एकत्र मतदानाला जातात, एकमेकांचं मत रद्द करून येतात आणि घरी येऊन एकत्र जेवतात. "तुझा भाऊ सुटून आला तेव्हा महिनाभर त्याला हातानं भरवलं कोणी? मीच ना?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मग पोरीला ताटकळत ठेवू नकोस. तारीख सांग." व्याह्यांनी ताट बाजूला सारलं आणि तारीख सांगितली. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार. मुलगी उठून त्यांच्या गळ्यात पडली, आणि ते हसले. (विहीणबाईंना विचारून खात्री केली.)

पथ्यपाणी सांभाळा. मामींचा प्रश्नच नाही, म्हणून इतर सर्वांना नमस्कार.

तुमचा गोंधळलेला भाचा

ता. क. लग्न तुम्हीच लावायचं. प्रवचनात मजुरी हवी असं व्याह्यांचं म्हणणं, बाळ हवं असं विहीणबाईंचं, आणि बेकरीवाल्याला आवाज कमी हवा. तुम्ही फक्त प्रेमावर बोला. नदी आणू नका, हात जोडतो.

ता. क. मी मत दिलं. कोणाला ते विचारू नका. शिक्का मारल्यावर सवयीनं तोंडातून "आमची प्रार्थना ऐक" निघालं, आणि शेजारच्या आडोशातून कोणीतरी "आमेन" म्हणालं.

ता. क. काल व्याह्यांनी तिकडून नवं माप कळवलं. पोट सेहेचाळीस. एवढ्या मागण्या केल्या, त्यांतली आतापर्यंत ही एकच ऐकली गेली आहे.