मुंबई ते मेलबर्न, सौ. एकटी

३ जून
जावयानं दोन तिकिटं काढली होती. माझं रद्द करायला लावलं. सांगितलं, गायींकडं कोण बघणार? लेक वैशालीचं बाळंतपण पंधरा दिवसांवर, तिला आई हवीच. सौ. एकटी जाणार. नाशिकच्या पुढं कधी एकटी गेलेली नाही.
खरं कारण इथं लिहून ठेवतो. एकतीस वर्षं एसटी चालवली, आता स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की जीव खाली-वर होतो. निदान ड्रायव्हर समोर दिसावा तरी. विमानात तोही दिसत नाही.

६ जून
नकाशा घेऊन बसलो. सिंगापूरवरून सुमारे दहा हजार कि.मी. एसटीनं ताशी चाळीस धरले तर अडीचशे तास. म्हणजे दहा दिवस, जेवणाचे थांबे वेगळे. विमान हवेत तेरा तास, मध्ये सिंगापुरात साडेतीन. मानलं पाहिजे.
सौ.ला सगळं कागदावर मांडून दिलं. म्हणाली, कागद तुमच्याकडंच राहू द्या, माझं पाठ आहे.

९ जून
मुंबईपर्यंत जीप मीच हाकली. दुपारी बाराला सौ. उडाली. आत जाताना एकदाच मागं पाहिलं, तेही बॅगेचं चाक अडकलं म्हणून.
संगमनेरला पोचून चहा टाकला, तोवर ती सिंगापुरात. मी सव्वादोनशे कि.मी., ती चार हजार.

१० जून
सकाळी सहाला फोन. पोचली. तिकडं साडेदहा.
सिंगापुरात विमान बदलायचं तर आधी छोट्या रेल्वेनं पलीकडच्या इमारतीत जावं लागतं. त्या रेल्वेला चालकच नाही म्हणे. ही बसली. वर घाबरलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यालाही हाताला धरून बसवलं. मी असतो तर तिथंच बसकण मारली असती. चाळीस वर्षं हिच्याबरोबर संसार केला आणि...

२३ जून
नात झाली. दोघी खुशाल. बारसं मात्र सौ.नं थांबवलंय. आजोबा आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही.
मी पुन्हा गायींचं काढलं. तशी फोनवर म्हणाली, "एकतीस वर्सं लोकं तुमच्या मागं बिनघोर झोपायची. त्यातल्या कुनी तुमचं तोंड तरी पाह्यलं हुतं का?"
धार काढायचीय म्हणून फोन ठेवला. तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

२८ जून
गायी पुतण्यावर सोपवून एसटीनं पुण्याला गेलो. काम काही नव्हतं. मुद्दाम शेवटची सीट धरली, तिथून ड्रायव्हरची टोपीसुद्धा दिसत नाही. चंदनापुरीच्या घाटात पुढचा दांडा गच्च धरून बसलो. आळेफाट्यापर्यंत तसाच.
नारायणगाव कधी गेलं कळलं नाही. मंचरला जाग आली.
जावयाला अजून तिकिटाचं काही कळवलेलं नाही.