वरच्या पट्ट्यातली झाडं

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. सोयगावच्या डोंगरातल्या वरच्या पट्ट्याबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात तुम्ही मला झाडांचे घेर मोजायला पाठवलं होतं. आदल्या वर्षी आपण दोघींनीच प्रत्येक खोडावर रंगानं नंबर टाकले होते. दरवर्षी घेर मोजायचा, त्यावरून झाडात किती कार्बन साठला ते काढायचं, आणि पुढं पाऊस घटला, वणवे वाढले तर यातलं किती टिकेल याचं गणित मांडायचं. तुमचा सगळा जीव त्यात होता. खालचे पट्टे मी नीट मोजले. वरच्या पट्ट्याकडं निघाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं. शेळ्या घेऊन उतरणाऱ्या एका मावशीनं मला थांबवलं. "वरची झाडं लई वाळाय लागलीत, ताई. जाऊन बघा तुमी." मी मान हलवली. ती वळणाआड गेल्यावर मीही खाली उतरले आणि एसटी स्टँडच्या बाकावर बसून आदल्या वर्षीच्या एकेका आकड्यात थोडी थोडी भर घालत तक्ता पुरा केला.

दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मी तो तक्ता वाचून दाखवते आहे. शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतंय, ओट्याखाली भरलेल्या घागरी आहेत, तुम्ही भाकरी थापताय. वरच्या पट्ट्यातल्या धावड्याच्या झाडांचे आकडे ऐकून तुमचा हात थांबतो. "अगं, एवढ्या दुष्काळात धावडा वाढतोय!" पिठाच्या हातानंच तुम्ही कागद ओढून घेता. तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही पहिली भाकरी माझ्या ताटात वाढलीत आणि मी जेवले.

पुढच्या वर्षी वनखात्यातल्या लोकांनी तुम्हाला विचारलं, माणसं थोडी आहेत, वणवा अडवायला जाळरेषा आधी कुठं काढायच्या? तुम्ही खालचा भाग दाखवलात. वरची झाडं धडधाकट आहेत, ती तग धरतील, असं तुमचं गणित सांगत होतं. वणवा नेमका वर लागला. वाळलेली लाकडं तीन दिवस धुमसत होती. आपण गेलो तेव्हा एकाही खोडावरचा नंबर वाचता येत नव्हता. ती मावशी तिथंच उभी होती. माझ्याकडं बघत राहिली. "माझंच चुकलं गं," तुम्ही म्हणालात. पुढं आजारपणात, उशीला टेकून, तुम्ही तीच समीकरणं पुन्हा पुन्हा तपासत होता. चूक तिथं सापडणार नाही हे ठाऊक असून मी तुम्हाला पेन्सिलीला टोक काढून देत होते.

आता ते काम मी करते. तुमच्या घरामागची शेतं केव्हाच गेली. तिथल्याच एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहते. वरचा पट्टा मी हिशेबातून वगळला आहे. परवा माझ्या एका विद्यार्थिनीनं कारण विचारलं. "जळाला म्हणून," मी म्हणाले. तिला ते लगेच पटलं.

खरं तर हे पत्र तिच्या हातात द्यायला हवं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता मला काही विचारणार नाही.