बेचाळिसाव्या पानावरची कविता

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर हे सांगता आलं असतं, पण तू मध्येच 'जाऊ दे रे दादा' म्हणतोस आणि मी लगेच जाऊ देतो. या खेपेला जाऊ द्यायचं नाही. आपण दोघं कामाला होतो त्या छापखान्यातली एक गोष्ट तुला सांगायची आहे. ती वाचल्यावर तू मला दादा म्हणशील की नाही, ठाऊक नाही. तरी हात थरथरत नाहीये, अक्षर बघ. आज दारू सोडून एकशे चौदा दिवस झाले.

हसलास ना? हस. तुझी वहिनीही हसली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर औषधाऐवजी एक पत्ता लिहून दिला: वाचनालयाच्या मागचा जिना, वरचा मजला, गुरुवारी संध्याकाळी सहा. दारू सोडू पाहणारे लोक तिथे जमतात म्हणे. पहिले दोन गुरुवार मी वाचनालयापर्यंत गेलो आणि खालीच बसलो. जुनी क्रमिक पुस्तकं काढली, कविता पुटपुटल्या, मनानं शाळेत तुझ्या शेजारी एका बाकावर बसून आलो आणि साडेसातला घरी. वहिनीनं विचारलं, कसं होतं? म्हटलं, फार छान. तिसऱ्या गुरुवारी ती स्वतः जिन्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "चढा आता. मी इथंच आहे. आणि खिडकीतून पळून जाण्यातले तुम्ही नाही, तुमचे गुडघे मला माहीत आहेत."

वर दोन दारं. मी छातीत हवा भरून पहिलं उघडलं आणि घरून पाठ केलेलं वाक्य खणखणीत म्हणून टाकलं, की नमस्कार मंडळी, मी चाळीस वर्षं पितोय आणि आता मला थांबायचंय. बारा शिलाई मशीनं एकदम थांबली. शिकवणाऱ्या बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मायेनं म्हणाल्या, "आजोबा, पलीकडचं दार. इथं फक्त काजं-बटणं." पण खरं सांगू? अवघड काम तिथेच उरकलं होतं. पलीकडे मी हसतच शिरलो.

नऊ खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली, खिडकीत एका चिवट रोपाची कुंडी. निवृत्त बस ड्रायव्हर सगळ्यांना बोलतं करतात. नाव सांगायला लागलो तर म्हणाले, नाव राहू द्या, खुर्ची घ्या. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो म्हटल्यावर मी तिथला 'कंपोझिटर' झालो. सुरुवातीला मी आपला नेहमीसारखाच बोलायचो: तारुण्य, मावळतीचे रंग, शाळेच्या आवारातला चिंब झालेला झोपाळा. ड्रायव्हर शांतपणे ऐकायचे. एकदा म्हणाले, "कंपोझिटर, वर्णन फार सुंदर, पण गाडी अजून डेपोतच आहे." सगळे हसले. मीही हसलो, कारण ते खरं होतं.

गेल्या गुरुवारी एक परिचारिका बोलत होती. मुलीच्या वयाची असेल. कठीण दिवशी ती शाळेतली एक कविता मनात म्हणते. तिनं ती म्हणून दाखवली. दोन कडवी एका पाखराची, घरटं सोडून निघालेल्या. तिसऱ्या कडव्यात पाखरू वल्ही हातात घेतं आणि वादळातून नाव पैलतीराला नेतं. ती म्हणाली, "लहानपणी वाटायचं, पुरेसं उडालं की पाखराला वल्ही येतात. मला अजून तसंच वाटतं." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या.

तुला कळलंच असेल. अशी कविता कुणी लिहिलीच नाही. ती पाखराची कविता आणि नावाड्याची कविता, बेचाळीस आणि चव्वेचाळीस पान. त्या वर्षी आपण छापलेल्या वाचनमालेत त्यांची उरलेली कडवी एकमेकींच्या पानावर गेली होती, आणि पुस्तकं शाळांत पोचेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, प्रूफ कुणी तपासलं? तू हात वर केलास. तपासलेलं प्रूफ शोधलं, ते सापडलं नाही. मालकांनी तुला काढलं नव्हतं, तूच गेलास. जाताना म्हणालास, दादा, माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही रे. आणि मग सगळा जन्म गोदामाच्या फाटकावर काढलास.

गेल्या गुरुवारी कविता ऐकल्यावर मी उठून उभा राहिलो आणि पहिल्यांदाच कवितेशिवाय बोललो. तिथे जे सगळ्यांना सांगितलं, ते आता ज्याचं आहे त्याला सांगतो. तुझं प्रूफ बिनचूक होतं. तू पास केल्यावर, जेवणाच्या सुट्टीत मी कागदाच्या गठ्ठ्यांमागे बसून प्यायलो. परत आलो तेव्हा त्या दोन पानांचे खिळे माझ्या हातून सांडले. नशेत ते पुन्हा जुळवले, चुकीचे जुळवले, आणि कुणाला न दाखवता मशीनवर चढवले. मालक ओरडत होते तेव्हा तुझं प्रूफ माझ्या खिशात होतं. दोन पावलं पुढे येऊन ते द्यायचं होतं. नाही दिलं. फाडायचीही हिंमत झाली नाही, कारण त्यावर तुझी सही होती. अजूनही तू पाकिटावरचा पत्ता सुनेकडून तपासून घेतोस, धाकट्या, आणि दर वेळी ते पाकीट माझ्या हाती पडतं. माफी मागायला मी पुढच्या रविवारी येणारच आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. पण पत्र त्याआधी पोचायला हवं होतं, कारण यात तुझी वस्तू आहे. मागे घडी करून ठेवलाय तो कागद तुझा आहे. लाल शाईच्या खुणा तुझ्या, खाली 'पास' लिहिलंय तेही तुझ्याच हातचं. सुनेला नको देऊस. चष्मा लाव आणि स्वतः वाच, पाखराची सगळी कडवी पाखराच्याच पानावर आहेत.

तू म्हणशील तर अजूनही,
तुझाच,
दादा